वेदना : सोसायची किती, सांगायची कशी?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे लिखित रूप)



सुवर्णमहोत्सवानिमित्त 'व्यापार आणि नीती' या विषयावर मी बोलावे, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह होता. मी विषय बदलून मागितला आणि मंडळाने तो मोठ्या मनाने मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. व्यापारावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. अंगातल्या दुखण्यावर मात्र आपण घराच्या ओसरीवर बोलतो, दुकानाच्या गादीवर बोलतो, पण सभेत कधी बोलत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कापडाचा व्यापारी. वैद्यक हा माझा अधिकाराचा विषय नव्हे. तरीही ज्याने माल वापरला आहे, त्याला मालाविषयी दोन शब्द सांगण्याचा हक्क असतो, एवढ्याच अधिकाराने उभा आहे.

दुखणे दोन प्रकारचे असते. बोट चिमटले, दात दुखला, हाड मोडले, तर होणारी वेदना ही घरच्या राखणदारासारखी आहे. काहीतरी बिघडले आहे, लक्ष द्या, असे ती ओरडून सांगते आणि बिघाड दुरुस्त झाला की गप्प बसते. दुसरा प्रकार असा की, चोर केव्हाच निघून गेला तरी राखणदार ओरडतच राहतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या अशा वेदनेला वैद्यकशास्त्र 'दीर्घकालीन वेदना' म्हणते. पूर्वी ती केवळ दुसऱ्या एखाद्या रोगाचे लक्षण मानली जाई. २०१९ साली जागतिक आरोग्य सभेने रोगांची जी नवी वर्गवारी स्वीकारली आणि जी २०२२ पासून अमलात आली, तिच्यात या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मज्जातंतू आणि मेंदू यांच्यातील निरोप पोहोचवणारी यंत्रणाच जणू हळवी होऊन बसते. म्हणून एक्स-रे स्वच्छ, रक्ताचे अहवाल उत्तम आणि माणूस मात्र रात्रभर जागा, असे घडू शकते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण, 'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत' हे वाक्य ऐकून घरी परतलेली अनेक माणसे या सभागृहात बसलेली आहेत. त्यांना घरात आधी सहानुभूती मिळते, मग सल्ले मिळतात आणि शेवटी शंका मिळते. सुनेला वाटते, सासूबाई कामाच्या वेळीच कंबर धरतात. मुलाला वाटते, दुकानात बसायचे नाही म्हणून वडील गुडघ्याचे नाव पुढे करतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणात एक गोष्ट आवर्जून नोंदविली : माणूस 'मला दुखते आहे' असे सांगतो, तेव्हा त्याच्या त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे. इतकी साधी गोष्ट जगातल्या विद्वानांना लिहून ठेवावी लागली, यावरून ती किती कमी पाळली जाते ते ध्यानात यावे.

आता आपल्या घरातील अडचणीकडे वळतो. आपल्या समाजात दुखणाऱ्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावे लागते : 'असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, शांतपणे भोगून टाका, निर्जरा होईल.' कर्मसिद्धांताविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, हे पाहिले पाहिजे. स्वतःच्या दुखण्याविषयी स्वतः म्हटले, तर ती समता. दुसऱ्याच्या दुखण्याविषयी आपण म्हटले, तर पुष्कळदा ती केवळ आपली सुटका असते.

रोग हा बावीस परीषहांपैकी एक आहे, हे खरे. पण परीषहजय ही प्रामुख्याने साधू-साध्वींची साधना आहे. ती त्यांनी जाणतेपणाने, गुरूंच्या आज्ञेत राहून स्वीकारलेली असते. साठीपुढच्या एखाद्या श्राविकेने संकोचापोटी, पैशांच्या काळजीपोटी किंवा 'कोणाला सांगून काय उपयोग' म्हणून निमूटपणे सोसलेले दुखणे आणि तो परीषहजय या दोन गोष्टी एका तागडीत घालता येणार नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेदनेचे चिंतन हा एक स्वतंत्र प्रकार आहे. दुखणे केव्हा थांबेल, रात्र कशी जाईल, याच विचारात मन अडकून पडणे म्हणजे ते. ज्याचे गुडघे ठणकत आहेत, तो सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत घड्याळाकडे किती वेळा पाहतो, हे त्याचे त्यालाच विचारावे. मग त्या वेदनेवर योग्य उपचार करून देणे म्हणजे त्याला आर्तध्यानातून बाहेर येण्यास हात देणे नव्हे काय?

आपल्या आचार्यांना हे चांगलेच ठाऊक होते. आपण नवकारशी, आयंबिल, उपवास यांचे पच्चक्खाण घेतो, तेव्हा त्यातील आगार, म्हणजे सवलती, तोंडपाठ असल्याने भरभर ऐकून सोडून देतो. त्यांत 'सर्वसमाधिप्रत्यय' नावाचा एक आगार आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ असा केला आहे की, तीव्र शूळ वगैरे वेदना उत्पन्न होऊन चित्ताची समाधी ढळू लागली, तर ती शमविण्यासाठी औषध घेतल्याने पच्चक्खाणाचा भंग होत नाही. व्रत देतानाच, त्याच सूत्रात, वेदनेसाठी जागा करून ठेवणारा हा धर्म आहे. (कोणत्या प्रसंगी हा आगार लागू होतो, याचा निर्णय अर्थातच गुरुभगवंतांना विचारूनच करावा, मी येथे कोणाला सूट वाटत नाही.)

प्रभू महावीरांच्या चरित्रातील कानांत शलाका ठोकल्याचा प्रसंग आपण पर्युषणात ऐकतो. ऐकताना आपले सारे लक्ष गोपालकाच्या क्रौर्याकडे आणि प्रभूंच्या क्षमेकडे असते. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्रभू मध्यम पावा नगरीत सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या घरी गोचरीसाठी गेले, तेव्हा त्याचा मित्र खरक वैद्य तेथे बसला होता. प्रभू काही बोलले नाहीत. परंतु वैद्याने मुद्रा पाहून ओळखले की, या देहात कोठेतरी शल्य आहे. मग वैद्य आणि वणिक दोघेही औषधे घेऊन प्रभूंच्या मागे उद्यानापर्यंत गेले आणि त्यांनी त्या शलाका काढल्या. काढताना प्रभूंच्या मुखातून चित्कार निघाला, असे चरित्रकार लिहितात. त्या चित्कारामुळे प्रभूंच्या समतेला उणेपणा आला, असे आपल्यापैकी कोणी मानीत नाही. मग आपल्या घरातील आजी 'आई गं' म्हणाली, तर तिच्या धर्मनिष्ठेचे मोजमाप आपण का करावे?

उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनातील अनाथी मुनींची कथाही अशीच. कौशांबीच्या एका अतिश्रीमंत घरातला हा तरुण डोळ्यांच्या असह्य वेदनेने तळमळत होता. वैद्य आले, पित्याने सारे धन देऊ केले, आई शोक करीत राहिली, पत्नी अन्नपाणी सोडून उशाशी बसून राहिली आणि तरीही कोणी ती वेदना वाटून घेऊ शकले नाही. 'मी अनाथ होतो' असे ते पुढे श्रेणिक राजाला सांगतात, ते यामुळे. या कथेचे तात्पर्य वैराग्याचे आहे, ते मला मान्यच आहे. पण कथेतील कुटुंब पाहा : त्या घरातील एकाही माणसाने त्याला 'गप्प राहा' असे म्हटले नाही. इतके सारे लाभूनही ज्याला अनाथ वाटले, ती वेदना एकट्याने कोपऱ्यात सोसणाऱ्याचे काय होत असेल?

आता थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण पुढील मुद्दे त्याशिवाय स्पष्ट होणार नाहीत. २०१९च्या पावसाळ्यात मला उजव्या बरगडीवर नागीण झाली. आपल्याकडे नागिणीविषयी भीतीच फार : तिची दोन्ही टोके जुळली की माणूस वाचत नाही, असे म्हणतात. कोणी गेरू लावावयास सांगितले, कोणी मंत्र टाकणाऱ्याचे नाव सांगितले. वस्तुस्थिती अशी की, लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असल्यामुळे पुरळही सहसा मध्यरेषा ओलांडीत नाही. टोके जुळण्याचा प्रश्नच बहुधा उद्भवत नाही. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या, तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला. म्हणून गेरूत दिवस घालवू नयेत, हे मी प्रत्येकाला सांगतो. पन्नाशीपुढील व्यक्तींसाठी नागिणीची दोन मात्रांची नवी लस २०२३ पासून भारतातही मिळू लागली आहे; ती महाग आहे, पण आपल्या डॉक्टरांना तिच्याविषयी अवश्य विचारावे.

पुरळ तीन आठवड्यांत वाळले. दुखणे राहिले. कापडाच्या व्यापाऱ्याला अंगावर कापड सहन होऊ नये, याहून विचित्र गोष्ट ती कोणती! ज्या मलमलीच्या ताक्यावरून मी चाळीस वर्षे ग्राहकांपुढे हात फिरवून 'पाहा, लोण्यासारखी आहे' म्हणत आलो, त्याच मलमलीचा सदरा बरगडीला लागला की निखारा ठेवल्यासारखे होई. मी पाहिलेल्या पहिल्या दोन डॉक्टरांनी जखम भरली आहे, आता काही नाही, वयोमानाने थोडे राहील, असे सांगितले. एकाने मनावर घेऊ नका, असाही सल्ला दिला. त्यांच्या दारात उभी असलेली रांग मी पाहिली होती, म्हणून रागावलो नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आपल्या देशात प्राथमिक तपासणीला डॉक्टर सरासरी सुमारे दोन मिनिटे देतात, असे आढळले होते. दोन मिनिटांत गिऱ्हाइकाला आपण सदऱ्याचे मापही नीट विचारू शकत नाही.

त्या दोन मिनिटांचा उपयोग कसा करावा, एवढाच भाग आपल्या हातात असतो. व्यापाऱ्याचा स्वभाव, मी वही घातली. रोज रात्री तीन-चार ओळी : शून्य ते दहा यांपैकी दुखणे किती, झोप किती तास, कोणत्या हालचालीने वाढले, कोणत्या गोळीने किती वेळ उतरले, त्या गोळीने गुंगी किंवा बद्धकोष्ठ झाले काय. डॉक्टरांना 'फार दुखते हो' असे सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाने 'चांगलेसे कापड दाखवा' म्हणण्यासारखे आहे. कोणता ताका काढावा, ते दुकानदाराला समजत नाही. 'सदरा घालवत नाही, रात्री तीन वाजता जाग येते, उजव्या कुशीवर झोपता येत नाही' असे सांगितले, तर समजते. तीन आठवड्यांची ती वही घेऊन मी पुण्यात वेदना-चिकित्सा करणाऱ्या एका भूलतज्ज्ञांकडे गेलो. मोठ्या रुग्णालयांत असा स्वतंत्र विभाग असतो आणि तो बहुधा भूलतज्ज्ञ चालवितात, हेही मला तोवर ठाऊक नव्हते. आपल्यातील अनेकांना आजही ठाऊक नसावे. त्यांनी वही वाचली आणि पहिल्याच भेटीत सांगितले की, हे मज्जातंतूचे दुखणे आहे, नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ते फारशी दाद देत नाही, त्याची औषधे वेगळी आहेत.

ती औषधे म्हणजे मुळात फेफऱ्यासाठी किंवा नैराश्यासाठी निघालेली. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन ही त्यांतली नावे. येथे दोन ठिकाणी आपली माणसे अडतात. औषधाच्या दुकानात कोणी म्हणतो, 'ही तर डिप्रेशनची गोळी', आणि घरात वादळ उठते. वास्तविक हीच औषधे कमी मात्रेत मज्जातंतूंचा खोटा कोलाहल शांत करतात. गोळी तीच असली तरी काम वेगळे. दुसरी अडचण खास आपली. यांतील पुष्कळ औषधे कॅप्सूलच्या रूपात येतात आणि कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. आपल्यातील कितीतरी भगिनी ती कॅप्सूल घेतच नाहीत. पदराआड ठेवून देतात आणि डॉक्टरांना 'घेतली' म्हणून सांगतात. मग गुण येत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवितात! उघडपणे सांगितले, तर मार्ग असतात. हीच औषधे साध्या गोळीच्या रूपातही मिळतात, काही वनस्पतिजन्य आवरणातही येतात. मात्र आपल्याच मनाने कॅप्सूल फोडून भुकटी घेऊ नये. काही औषधे हळूहळू विरघळण्यासाठी बनविलेली असतात.

चौविहाराचेही तसेच. रात्रीच्या गोळीसाठी चौविहार मोडावा लागेल, या भीतीने औषधच बंद करणारे मी पाहिले आहेत. सूर्यास्तापूर्वी शेवटची मात्रा येईल अशी मांडणी पुष्कळ औषधांत करता येते. फक्त डॉक्टरांना आपला नियम ठाऊक असला पाहिजे. ते अन्य समाजाचे असतील, तर त्यांना पर्युषण आणि अठ्ठाई म्हणजे काय हे आपणच सांगावयास हवे. मज्जातंतूची ही औषधे एकाएकी बंद करणे घातक ठरू शकते, म्हणून मोठ्या तपापूर्वी महिनाभर आधी त्यांना भेटावे. आणि उपवासात रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी तर मुळीच घेऊ नये.

या वेदनाशामक गोळ्यांविषयी थोडे कठोर बोलतो. डायक्लोफेनॅक आणि तिच्या जातीच्या गोळ्या आपल्या बाजारपेठेत चिक्कीइतक्या सहज मिळतात. चार दिवसांच्या मुरगळीवर त्या उत्तम. वर्षानुवर्षे रोज दोन म्हणजे जठरात व्रण, रक्तदाबात वाढ आणि मूत्रपिंडाला धोका. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी तर अधिकच जपावे. जीवदयेच्या कामात असलेल्या मंडळींना गिधाडांची हकिगत ठाऊक असेल. गुरांना दिलेले हेच डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशातील गिधाडांच्या काही जाती पार लयाला गेल्यासारख्या झाल्या. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाडाला बाधले ते माणसाला त्याच प्रमाणात बाधेल, असे मी म्हणत नाही. पण डॉक्टरांना न विचारता रोज घेण्याची ती वस्तू नव्हे.

गुडघे आणि कंबर हा तर आपल्या व्यवसायाचाच प्रसाद. जन्मभर गादीवर मांडी घालून बसणे, ताके उतरविणे-चढविणे आणि चालणे शून्य. यावर जगातील वैद्यक संस्थांनी अलीकडे जे सांगितले, ते ऐकून लोणावळेकरांना हसू यावे. अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१७ साली जुनाट कंबरदुखीसाठी गोळीआधी व्यायाम, योग आणि मनःशांतीचे उपाय करावेत, असे मार्गदर्शन केले. आपल्या गावात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम एक्स-रे व अन्य उपकरणांनी तपासावयास प्रारंभ केला, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. मुंबईहून आणि परदेशातून लोक तेथे येतात. आपण त्या फाटकावरून गाडीतून जातो. अर्थात, दूरदर्शनवर पाहून एकदम कठीण आसने करू नयेत. कोणते करावे, कोणते टाळावे, हे जाणकाराकडून शिकावे. सुरुवातीला थोडे अधिक दुखेल, पण जुनाट दुखण्यात दुखणे म्हणजे प्रत्येक वेळी इजा नव्हे, हे समजल्यावर माणूस हलू लागतो. जाता जाता एक सांगतो. उपाश्रयात खुर्चीवर बसून प्रतिक्रमण करणाऱ्यांकडे पाहून कुजबुज करण्याची आपली सवय आता तरी सुटावी.

दुखणे काही केवळ गादीवर बसणाऱ्याचे नसते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातून माझ्या दुकानात लुगडी-साड्या घ्यायला येणाऱ्या बाया भातलावणीचे दिवस संपले की पायरी चढताना कठड्याला धरतात. दिवसभर चिखलात वाकून काढलेले ते दिवस त्यांच्या कंबरेत वर्षभर राहतात. त्यांचा उपचार म्हणजे किराणा दुकानातली एक गोळी आणि बामची डबी. आपण जे काही करू, त्यात या भगिनींना वगळू नये, अशी माझी विनंती आहे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. १९९६ साली माझ्या थोरल्या भाभींचा कर्करोग हाडांत उतरला. त्यांच्या शेवटच्या सात आठवड्यांत घरातील कोणी झोपले नाही. डॉक्टर भले होते. पण मॉर्फीन हे औषध आमच्या आसपास कोठेच मिळत नव्हते आणि पुण्यात ज्या ठिकाणी चौकशी केली, तेथे परवान्याचे नाव सांगत. भाभी नवकार म्हणत आणि मध्येच थांबत; त्यांना पुढचे पद आठवत नसे. पाठशाळेत शंभर मुलांना शिकविलेली ती बाई होती.

त्या परवान्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी समजला. मॉर्फीन अफूपासून होते आणि मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारच्या देखरेखीखाली अफूची शेती होते; नीमचला सरकारी कारखानाही आहे. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक मंदसौर-नीमचकडे आहेत, त्यांनी ती शेते पाहिलीही असतील. जगाला अफू पुरविणाऱ्या देशातच रुग्णाला मॉर्फीन मिळेनासे झाले, ते १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर. कायद्याचा हेतू चांगला होता. पण एका रुग्णालयाला थोडेसे मॉर्फीन ठेवावयाचे, तर चार-पाच वेगवेगळे परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, एक मिळेपर्यंत दुसरा संपलेला. आणि नोंदीत चूक झाली, तर तुरुंगाची भीती. जकात आणि विक्रीकराच्या काळात व्यापार केलेल्यांना अधिक सांगावयास नको. रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९८५ नंतरच्या सुमारे बारा वर्षांत देशातील वैद्यकीय मॉर्फीनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि मॉर्फीनसह काही अत्यावश्यक औषधांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच राज्यस्तरीय यंत्रणेची मंजुरी पुरेशी झाली. डॉ. राजगोपाल यांना २०१८ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

आता परवान्याची भिंत खाली आली, पण मनातली राहिली. 'मॉर्फीन म्हणजे शेवट', 'सवय लागेल', 'अफू आपल्याला चालते का' हे तीन प्रश्न कर्करोगाच्या घरात आजही ऐकू येतात. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले मॉर्फीन हे व्यसन नव्हे, औषध आहे. ते तोंडाने घेता येते, फार महागही नसते, आणि ते सुरू केले म्हणजे शेवट जवळ आला, असेही नव्हे. अमेरिकेत या वर्गातील गोळ्या साध्या पाठदुखीलाही सढळ हाताने दिल्या गेल्या आणि तेथे मोठा अनर्थ झाला, हे खरे. जुनाट कंबरदुखीवर त्या मागूही नयेत. परंतु तेथील अतिरेकाची शिक्षा येथील कर्करोगाच्या रुग्णाने भोगावी, हा कुठला न्याय?

आपल्याला फार दूर जावयाचेही नाही. देशातील पहिले अशा प्रकारचे शुश्रूषागृह, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे उपशामक शुश्रूषा केंद्र चालते. कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना तेथे विनामूल्य सेवा मिळते. वेदना आटोक्यात आणून रुग्णाला पुन्हा घरी पाठवितात आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवितात. देहूरोडहून बाह्यवळण मार्गाने लोणावळ्याच्या माणसाला ते दीड-दोन तासांचे अंतर. माझ्या माहितीतील एक बंधू गेल्या वर्षी तेथे दहा दिवस राहून आले आणि त्यांनी त्यानंतर घरी बसून, व्यवस्थित भान राखून, संवत्सरीचे क्षमापन केले. प्रत्येकाला फोन करून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. मलाही त्यांचा फोन आला होता.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत पाठशाळा चालविली, आयंबिलशाळा चालविली, नेत्रशिबिरे घेतली, साधर्मिकांना हात दिला. चार दानांत औषधदानाचे स्थान काय आहे, ते मी आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. ऋषभदेवांच्या पूर्वभवातील जीवानंद वैद्याची कथा मात्र एका व्यापाऱ्यासाठी सांगतो. रोगी मुनींच्या उपचारासाठी लक्षपाक तेल जीवानंदाकडे होते. रत्नकंबल आणि गोशीर्ष चंदन हवे होते. मित्र बाजारात गेले. प्रत्येकाचे मोल लाख दीनार. वृद्ध व्यापाऱ्याने विचारले, 'कशासाठी?' उत्तर ऐकून त्याने मोल घेतले नाही. कापडाच्या धंद्यात आजवर झालेला तो सर्वांत मोठा व्यवहार असावा, असे मला वाटते.

विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव लहान आहे. धर्मशाळेच्या तळमजल्यावरील मागची खोली आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टसाठी द्यावी. ती सर्व समाजांसाठी खुली असावी आणि फी ऐच्छिक असावी. महिन्यातून एक दिवस ट्रस्टची गाडी रुग्णांना पुण्यातील वेदना-चिकित्सकांकडे न्यावी. कंबरदुखीच्या माणसाला लोकलच्या गर्दीत उभे राहून शिवाजीनगर गाठावे लागू नये. कर्करोगाचा रुग्ण ज्या घरात असेल, त्या घरी वैयावच्च मंडळातील दोन जणांनी जाऊन वारज्याच्या केंद्राची माहिती द्यावी. पहिल्या वर्षाच्या गाडीखर्चाचा लाभ मला मिळावा, अशी विनंती मी अध्यक्षांकडे लेखी दिली आहे.

माझ्या वहीच्या नमुन्याच्या दोनशे प्रती छापून आणल्या आहेत. एका पानावर एक आठवडा बसतो. अक्षर मोठे ठेवले आहे आणि पाठीमागे 'जिलेटिन नको', 'चौविहार आहे' अशा खुणा करण्यासाठी चौकटी आहेत, म्हणजे डॉक्टरांपुढे संकोच होऊ नये. बाहेर पादत्राणांच्या मांडणीशेजारील टेबलावर त्या ठेवल्या आहेत. घरातील ज्या व्यक्तीचे दुखणे आपण ऐकून घेतलेले नाही, तिच्यासाठी एक प्रत न्यावी. जय जिनेंद्र!